तीनदा घेतलेलं नाव

एबो क्वान्सा त्या गुरुवारी रात्री घरातून निघाला तो एका जुन्या कॉम्प्युटरच्या कामाला. एवढंच. खांद्याला पिशवी, पिशवीत सीड्यांचं पाकीट, हत्यारांची पुरचुंडी आणि सासूने बळेच कोंबलेली मक्याच्या पिठाची केंकी नि तळलेली मासळी.

मी एवढं सांगून थांबलो, कारण जोजोने शेंगदाण्यांच्या वाडग्याकडे हात नेला होता आणि वाडगा माझा होता.

घानाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या साल्टपाँडात नेहमीसारखी वीज गेलेली. बहिणीच्या अंगणात आम्ही तिघंच बसलो होतो. मी, माझी भाची अराबा आणि भाचा जोजो. अराबा केप कोस्टला कॉम्प्युटर शिकते, त्यामुळे तिला सगळं माहीत असतं. जोजो मँकेसिमच्या रस्त्यावर प्रवासी गाडी चालवतो, त्यामुळे उरलेलं सगळं त्याला माहीत असतं.

"मामा, ही खरी आहे, की तुमच्या नेहमीच्यातली?" जोजोने विचारलं.

"म्हणजे कशी?"

"मागच्या वेळी तुम्ही देवमाशावर बसून सेकोंडीला गेला होतात."

"ती माझी गोष्ट होती. माझ्या गोष्टीत मी वाटेल ते करीन. ही एबोची आहे. दुसऱ्याच्या गोष्टीत मी चिमूटभर मीठसुद्धा घालत नाही. चढावरचा निळा कंटेनर कुणाचा? मोबाईल-कॉम्प्युटर दुरुस्तीचा? जा उद्या, विचार त्याला. सांगणार नाही तो. पण विचारल्यावर तोंड कसं होतं ते बघ."

वाडगा मी माझ्याकडे ओढून घेतला.

तर तो ऑगस्टातला गुरुवार. वीज आज या आळीला, उद्या त्या आळीला, असे ते दिवस. टेकडीखालच्या आळीत ती त्या रात्री नऊला येणार आणि पहाटे तीनला जाणार असं सांगितलेलं. म्हणून काम रात्रीचं. एरवी एबोला रात्री घराबाहेर पडायची हौस नव्हती, कारण घरी बाळ होतं. आदल्या शुक्रवारी जन्मलेलं. म्हणजे उजाडता त्याचं बारसं.

आपल्याकडे आठव्या दिवसापर्यंत बाळाला नाव नसतं. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही दोघंही असेच निनावी, उघडेनागडे पडून होतात याच घरात. शुक्रवारचं पोरगं म्हणजे कोफी, ते झालंच. पण ते वाराचं नाव. कोफी म्हणून हाक मारली की निम्मा बाजार वळून बघतो. बापाने तीनदा उच्चारून दिलेलं नाव मिळेपर्यंत बाळ हे पाहुणंच. तिकडून आलेलं, इथे जरा टेकलेलं. दार दोन्हीकडून उघडं. म्हणून त्या दिवसांत बाळाला उंबऱ्याबाहेर नेत नाहीत, आणि बापाने मेलेल्याच्या घरी रात्र काढू नये म्हणतात.

आणि एबो निघाला होता तो आर्को मास्तरांच्या घरी.

"जावई," सासू दारात उभी राहून म्हणाली, "पहाटे पोराचं बारसं, आणि तू आज मढ्याच्या घरी जाणार?"

"मढं कुठे आहे तिथे, आई. मढं शवागारात, बर्फावर. दोन महिने झाले. मी कॉम्प्युटरकडे चाललोय."

"कॉम्प्युटर कुणाचा?"

"मास्तरांचा."

"मग?"

एबो हसला आणि चालायला लागला. मागून सासूने हाक मारली, "पहाटेच्या आत ये." मागून हाक मारू नये, हे तिला ठाऊक होतं. तरी मारली.

आर्को मास्तर तुम्हाला आठवणार नाहीत. अर्ध्या गावाला त्यांनी अक्षरं शिकवली, उरलेल्या अर्ध्याला छडी. वर्गात शिरायच्या आधी दारात दोनदा खाकरायचे. ह्म्... ह्म्. की अख्खा वर्ग दगडाचा. चष्मा बाटलीच्या बुडासारखा जाड, सगळी नोकरी त्यांनी त्या एका फ्रेमवर काढली. नाकावर दोन्ही बाजूंना असे खोल खळगे पडले होते, की आम्ही पोरं म्हणायचो, मास्तरांच्या नाकावर दोन शेंगदाणे ठेवा, संध्याकाळपर्यंत पडायचे नाहीत.

अराबा हसली. हसू दे. तेव्हा आम्हीही हसायचो.

मास्तर गेले आणि त्यांच्या आईकडची मंडळी नि बायको यांच्यात वाद लागला, माती कुठे द्यायची. त्यात दोन महिने गेले. शेवटी एकदाचं ठरलं. कुळातले वडीलधारे शुक्रवारी सकाळी येणार, मास्तरांचा केंटेचं रंगीत वस्त्र नेसलेला फोटो घेणार, आणि तो मँकेसिमला छापखान्यात जाणार, माती कधी ते कळवायला भिंतीभिंतीवर लावायला. फोटो होता मास्तरांच्या कॉम्प्युटरमध्ये. आणि कॉम्प्युटर सुरूच होईना. बटण दाबलं की निळा पडदा, आणि पुढे काही नाही.

"डिस्क काढायची, दुसऱ्या मशीनला लावायची," अराबा म्हणाली. "फोटो मिळाला. त्याला रात्र कशाला हवी?"

"हुशार. एबोसुद्धा हेच म्हणाला. एफुआ मावशी, म्हणजे मास्तरांची बायको, ती म्हणाली, 'माती होईपर्यंत या घरातली काडी बाहेर जायची नाही. गेली तर तेच लोक म्हणतील, विधवेने सामान हलवलं. आणि मशीन बंद दिसलं तर म्हणतील, मुद्दाम मोडलं. मला फोटो नकोय नुसता, एबो. मला ते चालू हवंय. ते सोडून गेले होते तसं.'"

ते सोडून गेले होते तसं. लक्षात ठेवा.

खोलीत टेबल, टेबलावर तो जुना, पोट सुटलेला पडदा, आणि पडद्याच्या डोक्यावर मास्तरांचा चष्मा. मिटलेला.

"त्याला हात लावू नकोस," मावशी म्हणाली. "शेवटच्या दिवशी घालायचाय त्यांना." मग ती दारावरच्या कापडी पडद्यापलीकडच्या खोलीत जाऊन आडवी झाली. दमलेली बाई. दोन महिने भांडत होती.

एबो मास्तरांच्या खुर्चीत बसला. आधी त्याने आपल्या एका सीडीवरून मशीन जागं केलं आणि फोटो उचलून आपल्या पेन ड्राइव्हवर घेतले. बाकीचं सामान डिस्कच्या दुसऱ्या कप्प्यात सरकवलं, पहिला कप्पा पुसला आणि नवी सिस्टिम टाकायला घेतली. पडद्यावर निळी पट्टी हळूहळू सरकते, माहितीय ना. एवढी मिनिटं राहिली, तेवढी मिनिटं राहिली. त्यातलं एक मिनिट म्हणजे सरकारी कचेरीतलं मिनिट. एबोने केंकी सोडली, मासळी खाल्ली, काटे कागदात बांधले. बाहेर समुद्र. आत मशीनच्या पंख्याची घरघर.

मग मशीनने नाव विचारलं.

विचारतातच ती. मालकाचं नाव काय, मशीनचं नाव काय, वापरणार कोण. तुमची शिकलेली पोरं तिथे काहीही अक्षरं बडवतात. एबोची एक खोड होती. ज्या वारी सिस्टिम टाकली त्या वाराचं नाव तो मशीनला द्यायचा. सोमवारी टाकली तर कोजो. बुधवारी टाकली तर क्वेकू. 'नवीन जन्मच की तो,' म्हणायचा. त्या हिशेबाने गुरुवारचं मशीन म्हणजे याव. त्याने 'याव' टाइप केलं आणि त्याचा हात थबकला.

मास्तरांचंही नाव यावच. याव आर्को.

मास्तरांच्या खुर्चीत बसून, मास्तरांच्या मशीनवर, नुसतं 'याव' लिहायचं? एकेरी? छडी खाल्लेला हात तो. त्याला ते उद्धटपणाचं वाटलं. अदब म्हणून त्याने पुढे 'आर्को' जोडलं.

आणि एबोची दुसरी खोड अशी, की टाइप करेल ते तोंडाने म्हणायचा.

मालकाचं नाव? "याव आर्को."

मशीनचं नाव? "याव आर्को."

वापरणार कोण? "याव आर्को."

अराबाचं चावणं थांबलं. "तीनदा?"

"तीनदा."

"मोठ्याने? बारशाला घेतात तसं?"

"मी काही म्हटलं नाही," मी म्हणालो. "तू म्हणालीस."

आता ड्रायव्हर. जोजो, छाती फुगवू नकोस, तू नव्हे. नवी सिस्टिम टाकलेलं मशीन म्हणजे ओली बाळंतीण उठायच्या आधीचं पोर. डोळे असतात पण धड दिसत नाही. घसा असतो पण आवाज नाही. पाय असतात पण वाट ठाऊक नाही. एकेक ड्रायव्हर टाकला की एकेक इंद्रिय जागं होतं. एबोकडे एक सीडी होती. एकदा लावली की एकामागून एक सगळे ड्रायव्हर आपणहून टाकत जायची. मध्ये थांबायची नाही. त्याला वेळ वाचवायचा होता. पहाटे पोराचं बारसं होतं.

त्याने सीडी लावली.

पहिले डोळे. पडदा एकदम काळा झाला. होतोच. क्षणभर. मग उजळला, रंग आले, अक्षरं धारदार झाली. एबोने बरं म्हणून मान वर केली.

पडद्याच्या डोक्यावरचा चष्मा उघडा होता.

मघाशी मिटलेला होता. आता दोन्ही काड्या पसरलेल्या, आणि काचा त्याच्याकडे. एबो स्वतःशी म्हणाला, टेबल हललं असेल. पंख्याने घरघर होते, टेबल हलतं, चष्मा उघडतो. हात लावायचा नव्हता. त्याने लावला नाही. पण त्या काचांसमोर त्याला नीट बसवेना. शाळेत पाठ न करता आलं की जसं व्हायचं, तसं.

दुसरा घसा. आवाजाचा ड्रायव्हर बसला की ते जुनं मशीन एक सूर वाजवायचं. टिंग, असं काहीतरी. एबो त्या टिंगची वाट बघत होता. टेबलावरच्या दोन छोट्या स्पीकरांतून आधी खरखर आली. मग...

ह्म्... ह्म्.

एबोने खुर्ची मागे सारली.

आणि कापडी पडद्यापलीकडून मावशीचा आवाज आला. झोपेतला. अगदी साधा. रोजचा.

"आले हो. चष्मा तिथेच ठेवलाय."

मग कूस बदलल्याचा आवाज. मग काही नाही.

इथे मी जरा थांबलो. कुणी शेंगदाणे मागितले नाहीत. माणूस जिवंत असता तर मी म्हणालो असतो, नाव घेतलं आणि हजर, शंभर वर्षं आयुष्य आहे. पण तो माणूस दोन महिने बर्फावर होता.

एबोने सीडी बाहेर काढायचं बटण दाबलं. सीडी येईना. तिसरा ड्रायव्हर सुरू झाला होता.

पाय. म्हणजे जाळ्याचा, नेटवर्कचा. एका मशीनपासून दुसऱ्या मशीनपर्यंत ज्या वाटेने जाता येतं, ती वाट. पट्टी भरली. खाली कोपऱ्यात एक छोटी चौकट उघडली. इंग्रजीत दोनच ओळी. त्यांचा अर्थ असा, की याच नावाचं आणखी कोणीतरी या जाळ्यावर आहे.

"होतं तसं," अराबा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "एकाच ठिकाणी दोन मशीनना एकच नाव दिलं की..."

"दुसरं मशीन कुठे होतं?"

"...जाळ्यावर."

"जाळं कुठे होतं? त्या घरात एक तार नव्हती, पोरी. एबोने वाकून मागचं भोक बघितलं. रिकामं. त्यात कोळ्याने घर केलेलं."

एबोने चौकट बंद केली. ती पुन्हा उघडली. याच नावाचं आणखी कोणीतरी आहे. बंद केली. पुन्हा उघडली. आहे.

मग त्याने जे केलं ते भीतीपोटी केलं. मी असतो तर मीही केलं असतं. फोटो खिशात होता. त्याने मशीन बटणावरून मारलं, पहिली सीडी परत लावली आणि सगळं पुसायला घेतलं. नाव, सिस्टिम, डोळे, घसा, पाय, सगळं. मशीनने विचारलं, नक्की पुसायचं? हो. पुन्हा विचारलं, परत मिळणार नाही, पुसायचं? हो.

पडदा कोरा झाला. स्पीकर गप्प. पंख्याची घरघर तेवढी.

सुटलो, एबोला वाटलं.

मी जोजोला विचारलं, "हाक मारून बोलावलेल्या पाहुण्याच्या तोंडावर दार लावलं तर तो काय करतो?"

"घरी जातो."

"कुठलं घर? माती झाली नाही. बायको झोपलेली. आणि बसायला दिलेली जागा पुसून टाकली."

जोजो सरकून जवळ बसला.

"तो शेजारी बघतो," मी म्हणालो, "कुठलं दार उघडं आहे."

फोन वाजला. अडीच वाजून गेले होते. सासू.

"एबो. बाळ रडत नाहीये."

"मग चांगलंच की, आई. झोपू दे."

"झोपला नाहीये. डोळे उघडे आहेत. संध्याकाळी रडून आळी उठवत होता, आता घटकाभर हूं नाही की चूं नाही. तोंडात दूध दिलं तर गालावरून ओघळतं. दाराकडे बघतोय नुसता." ती थांबली. "पाय गार पडलेत."

एबोने फोन कानाशी घट्ट दाबला.

"आणि घरात कुणीतरी खाकरतंय."

"...कसं?"

"कसं म्हणजे? खाकरतात तसं. दोनदा."

एबोने सीडी ढकलली. पुन्हा टाकतो, तो पुटपुटत होता, पुन्हा टाकतो, मास्तर, पुन्हा तुमचं नाव देतो, या, इथे बसा, मी उठतो खुर्चीतून. खरोखरच उठला. उभ्याने बटणं दाबायला लागला. निळी पट्टी आली. सरकायला लागली. एक बोट. दोन बोटं...

वीज गेली.

तीनला जायची होती. आधीच गेली. पंखा थांबत थांबत थांबला. काळोख असा, की स्वतःचा हात दिसेना. हातात फोनचा तेवढा उजेड. फोन अजून चालू होता. सासूचा श्वास ऐकू येत होता. मागे बायकोचं मुसमुसणं.

आणि मग त्या फोनमधून. त्याच्या घरातून. बाळाच्या अगदी जवळून.

ह्म्... ह्म्.

"एबो," सासू कुजबुजली. "कुणाचं नाव घेतलंस तू?"

"...मास्तरांचं."

"किती वेळा?"

तो बोलला नाही. तिला कळलं. म्हाताऱ्या बायकांना न बोललेलंच आधी कळतं.

"ऐक. बाप तू आहेस. नाव तू द्यायचंस. आत्ता दे."

"आत्ता? पण पहाट व्हायचीय... वडीलमाणसं नाहीत, पाणी नाही, दारू नाही..."

"पहाटेपर्यंत काय उरणार आहे? पाणी माझ्या डोळ्यांत आहे, ते लावते त्याच्या जिभेला. हा फोन मी त्याच्या कानाशी धरते. दे नाव."

खरखर झाली. फोन हलल्याची. मग अगदी बारीक श्वास. इतका बारीक, की आहे की नाही कळेना.

नाव ठरलेलं होतं. एबोच्या आजोबांचं. होड्या कोरायचे ते.

"कोफी ओतू," एबो म्हणाला.

काही नाही.

"कोफी ओतू."

काही नाही. मग...

टुक. टुक. टुक.

फोन कटला.

एबोने पुन्हा लावला. लागेना. मोबाईलच्या मनोऱ्याची वीज गेली असेल, काय असेल. फोन मुका. तो त्या मेलेल्या फोनमध्ये तिसऱ्यांदा ओरडला, कोफी ओतू, कोफी ओतू, पण ओरडताना त्याला ठाऊक होतं, हे कुठेही पोचत नाहीये.

तो धावला. चपला तिथेच. पिशवी तिथेच. चढ, मग चर्चचा कोपरा, मग होड्यांच्या बाजूने वाळूतली वाट. कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत. अशा वेळी माणूस मागे वळून बघतो, कुणी येतंय का. एबोने एकदाही वळून बघितलं नाही. मागे कुणी नव्हतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. जे होतं ते पुढे गेलं होतं.

अंगणात पोचला. दार बंद. आत काही आवाज नाही. त्याने दारावर हात ठेवला. लोटवेना. सांगतो मी तुम्हाला, बापाच्या हाताने दार लोटवेना.

आणि आतून टाहो आला.

असा टाहो, की आळीतल्या कोंबड्या जाग्या झाल्या. एबो उंबऱ्यातच बसला. बाळ आईच्या अंगावर होतं, चपाचपा दूध ओढत होतं, मध्येच सोडून रडत होतं, पुन्हा ओढत होतं. पाय गरम. मुठी आवळलेल्या. एबो हसला, रडला, काय केलं त्याचं त्याला कळलं नाही.

सासूने अंगावरच्या कापडाच्या टोकाने तोंड पुसलं. "देवाची कृपा. तिसऱ्यांदा नाव घेतलंस नि पोराने श्वास ओढला."

एबोने मान वर केली.

"...तिसऱ्यांदा?"

"मग काय. दोनदा म्हणालास तोवर पोर दगड. तिसऱ्यांदा म्हणालास आणि दचकलाच. पण आवाज का रे तसा काढलास? घोगरा. हजेरी घेतल्यासारखा."

एबोने काही सांगितलं नाही. तिलाही नाही, बायकोलाही नाही. मला सांगितलं, त्यालाही चार वर्षं लागली, आणि माझ्या तीन बाटल्या.

अराबाने विचारलं, "म्हणजे मास्तरांनी वाचवलं त्याला?"

"मला काय माहीत? वाचवलं म्हण."

"मग नाव कुणी दिलं? बापाने, की..."

"तेच एबो रात्री विचारत बसतो," मी म्हणालो.

मशीनचं म्हणाल तर शुक्रवारी वीज आल्यावर एबो भर दिवसा गेला, चार माणसं सोबत घेऊन, आणि पुन्हा सिस्टिम टाकली. नावाच्या जागी एक, दोन, तीन असे आकडे लिहिले, आणि तेही तोंड मिटून. चष्मा पडद्यावर होता. मिटलेला. एफुआ मावशीने चहा दिला आणि विचारलं, "रात्री तू खाकरत होतास का रे?"

"हो, मावशी."

"तरीच," ती म्हणाली. "मी उगाच..." आणि उठून आत गेली. पुढच्या शनिवारी मास्तरांना चष्मा घालून निजवलं, केंटे नेसवला, सगळा गाव रडला. माती झाली. त्यानंतर कुणी खाकरलं नाही.

पण बारशाचं सांगायचं राहिलंच.

उजाडताना बारसं झालं, रीतसर. वडीलमाणसं आली. जिभेवर पाण्याचा थेंब, पाणी म्हणशील तेव्हा पाणीच असू दे. दारूचा थेंब, दारू म्हणशील तेव्हा दारूच असू दे. एबोने नाव घेतलं, तीनदा, सगळ्यांसमोर. लोकांना वाटलं, पहिल्यांदाच घेतोय. मग बाळाला पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर आणलं, उन्हात. हातोहात फिरवलं. एबोची एक आत्या होती, मासे विकणारी, तिची जीभ माशाच्या सुरीसारखी. तिने बाळाला उचललं, सूर्याकडे तोंड केलं, बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"अगं बाई, हा पोटात चष्मा लावून बसला होता का?"

सगळे हसले. एबोची बायकोसुद्धा हसली. आठ दिवसांचं पोर, आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन लाल खळगे. खोल. वर्षानुवर्षं चष्मा वापरलेल्या माणसाच्या नाकावर असतात तसे.

हसला नाही तो एकटा एबो.

मग जोजो म्हणाला, पण हळूच, "बाळांना असतात तसे डाग, मामा. जातात मोठं झाल्यावर."

"जातात ना. बहुतेकांचे जातात. तो पोरगा आता सहावीत आहे. नजर घारीसारखी, होडीचा नंबर क्षितिजावरून वाचतो. आयुष्यात चष्मा लावलेला नाही."

"आणि...?" अराबा म्हणाली.

मी वाडग्यातून दोन शेंगदाणे निवडले, बरोबरीचे, आणि तिच्या तळहातावर ठेवले.

"संध्याकाळी तो बापाच्या कंटेनरवर बसलेला असतो," मी म्हणालो. "उद्या जा. हे घेऊन जा."